उताणा रंधा आणि दुधी बर्फ

मी रंधा बोलतोय. सुताराचा. बस स्टँडवरची माणसं मला बर्फाचा रंधा म्हणतात. म्हणू देत, त्यांना काय माहीत! बर्फाचा रंधा म्हणून कुणी जन्माला येत नाही. त्याला तसं करतात.

माझं अंग शिसवीचं. नागोजीनं मला स्वतःच्या हातानं केलं, बावन्न सालच्या आसपास. कानडी मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरात हणमंतरावांचा टेबल-खुर्च्यांचा कारखाना होता, तिथं तो सुतार होता. त्यानं ठोकळा घासला, तोंड कोरलं, पातं बसवलं, पाचर ठोकली आणि सागाच्या फळीवर मला पहिल्यांदा पुढं ढकललं. कागदासारखी पातळ, गोल वळलेली लांब ढलपी निघाली. नागोजी ती नाकाला लावून हुंगत बसला. हणमंतराव लांबून ओरडले, "नागू, तिच्याशी लग्न लावतोस काय? काम कर!"

रंध्याचं तोंड कायम खाली. त्यामुळं पाच-सहा वर्षं मी लाकडाशिवाय काही बघितलं नाही. माणूस म्हणजे वरून येणारे आवाज आणि पाठीवर नागोजीचा तळवा, एवढंच मला ठाऊक. जास्त ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती.

मग त्या तळव्याला हिसके बसायला लागले. मी सरळ चाललेला असायचो आणि मध्येच थांबायचो. वर नागोजी खोकत असायचा. आधी सकाळी, मग दिवसभर. करवती चालल्या की कारखान्यात भुसा असा उडायचा की दारातून येणारं ऊन पिवळं दिसतं, असं सगळे म्हणायचे. तो भुसा त्याच्या छातीत जाऊन बसला होता.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "लाकूड सोडा."

"सोडतो. मग खाऊ काय?"

"आधी श्वास घ्या. खायचं मग बघू."

हे सगळं नागोजीनं घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा मी त्याच्या पिशवीत होतो. त्याची बायको मथुरा. बोलायला कमी, पण एकदा बोलली की विषय संपला. ती म्हणाली, "मला नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाचं, सरबत करता येतं. स्टँडवर गाडी लावू. बर्फ किसून वर सरबत घालायचं. किसायला तुमचा रंधा आहेच."

मी पिशवीतल्या पिशवीत थिजलो. बर्फ? मी? शिसवीचा?

हणमंतराव तर ऐकून हसत सुटले. मथुरेला म्हणाले, "अगं, संध्याकाळी मफलर गुंडाळून फिरणारं गाव हे! इथं बर्फ कोण खाणार?" मग नागोजीला म्हणाले, "करून बघ या उन्हाळ्यात. नाही जमलं तर माझं दार उघडंच आहे. रंधा मारू नकोस, नुसता खुर्चीवर बसून देखरेख कर."

माणूस वाईट नव्हता. पण ती खुर्ची करवतीच्या शेजारी होती. मथुरेला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. नागोजी मात्र "बघू" म्हणाला. म्हणजे गोष्ट सरळ होती. गाडी चालली तर हा माणूस उघड्या हवेत राहणार. नाही चालली तर परत त्या भुशात जाऊन बसणार, आणि तिथून त्याला कोण उठवून आणणार होतं?

नागोजीनं मला उताणा केला. चार पायांच्या घोडीवर, तोंड वर, पातं आभाळाकडं. सुताराच्या रंध्याची याहून मोठी बेअब्रू नाही. पण खोटं कशाला बोलू, तोंड वर झालं आणि पहिल्यांदा मला माणसं दिसली. नाकं, मिशा, कानातल्या कुड्या, तोंडातलं पान. आणि नागोजीचा चेहरा! इतकी वर्षं पाठीवर हात असून मी तो कधी बघितलाच नव्हता. वाटला होता त्याच्यापेक्षा बारीक निघाला.

बर्फ आणायचा मल्लाप्पा. बेळगावकडचा माणूस, मराठी-कानडी एका दमात बोलायचा. त्याच्या हातगाडीवर दोन तऱ्हेच्या लाद्या असायच्या. एक काचेसारखी स्वच्छ, आरपार दिसणारी. ती कंटोन्मेंटमधल्या हॉटेलांत जायची. दुसरी पोटात पांढरी, दूध सांडल्यासारखी. ती मासळीवाले घ्यायचे. दोन्हींवर भुसा पसरलेला.

हो, भुसाच. लाकडाचा. बर्फ वितळू नये म्हणून घालतात म्हणे. नागोजी ज्याच्यापासून पळून आला, ते हातगाडीवर बसून त्याच्या मागं आलं.

नागोजीनं लाद्या कशा बघितल्या सांगू? सुतार फळी बघतो तशा. बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला. एक डोळा मिटून कड सरळ आहे का बघितलं. काचेसारख्या लादीवर हात फिरवून म्हणाला, "हा घेतो. ह्यात गाठ नाही. टणक आहे."

मल्लाप्पा म्हणाला, "नागोजण्णा, दार करायचं आहे की काय बर्फाचं?"

"आणि तो पांढरा माशांवर घालतात ना? तो मी माणसांना देऊ?"

मलाही ते पटलं होतं. माल टणक, स्वच्छ, बिनगाठीचा असावा. दुसरं आम्हाला काय शिकवलेलं?

मग नागोजीनं ती लादी माझ्यावर घासली. काय सांगू! पातं नुसतं घसरायचं. चावा बसेना. नागोजी जोर लावायचा, मी कुरकुरायचो आणि खाली पडायचा तो रवा. टणक, जाड, वाळूसारखा. सरबत ओतलं की ते त्यातून सरळ ग्लासाच्या तळाला जायचं. वर कोरडा बर्फ, खाली गोड पाणी.

शेजारी गंगव्वा मोगऱ्याचे गजरे विकायला बसायची. पहिला ग्लास तिला दिला. तिनं एक घास घेतला, कराकरा चावला आणि म्हणाली, "मथुराक्का, हे काय? मरळु?"

मरळु म्हणजे वाळू. ऐकून रांगेतले दोघं हसले आणि निघून गेले.

नागोजीनं पातं घासलं, कमी-जास्त काढलं, पाचर बदलली. रवा तो रवाच. शिवाय रोज सकाळी मल्लाप्पा लादी उतरवायचा तेव्हा कोरडा भुसा भस्सकन उडायचा आणि नागोजी गाडीचा दांडा धरून खोकायचा. गिऱ्हाईक ते बघायचं. खोकणाऱ्या माणसाच्या हातचं सरबत कोण पिईल? मी असतो तर मीही प्यालो नसतो.

रामनवमीच्या आधी हणमंतराव येऊन गेले. ग्लास घेतला, अर्धा प्याले, बाकीचा हळूच गाडीवर ठेवला. "नागू, खुर्ची रिकामीच आहे हं," म्हणाले. नागोजी या खेपेला "बघू" म्हणाला नाही. म्हणाला, "सोमवारी येतो."

ते गेल्यावर मथुरा नवऱ्याशी भांडली नाही. ती सरळ मल्लाप्पाकडं गेली. "उद्यापासून आमची लादी भुशात आणायची नाही. गोणपाटात गुंडाळून आण."

"अक्का, गोणपाटात टिकणार नाही. घाम सुटंल त्याला. निम्मा रस्त्यात जाईल."

"जाऊ दे."

"मग काचेचा महागाचा बर्फ कशाला नासता? दुधी घ्या. वितळला तरी जीव हळहळणार नाही."

"सरी, चालेल. दुधी आण."

बर्फ निवडला तो असा. चवीसाठी नाही, रंगासाठी नाही. नवऱ्याच्या नाकात भुसा जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी गोणपाट सोडलं. आत पांढरट लादी, कडा गोल झालेल्या, अंगभर पाणी. नागोजीनं हातच लावला नाही. "ओलं लाकूड रंध्याला लावत नसतात," म्हणाला. "हे गेलं. पातं खराब होईल माझं."

"लाकूड नाही हो ते!" मथुरा कडाडली. सगळा स्टँड वळून बघायला लागला. "किती दिवस सांगतेय! सरबत करायचंय, कपाट नाही करायचं! सरका तिकडं."

आणि पदर खोचून तिनं स्वतः ती लादी माझ्यावर ढकलली.

पातं आत शिरलं. न कुरकुरता शिरलं. आणि माझ्या तोंडातून ढलपी निघाली. खरं सांगतोय, ढलपी! सागाची निघायची तशी, पातळ, वळलेली. पण गार. आणि हातात घेईपर्यंत मऊ पडणारी. मथुरेनं ती ग्लासात दाबली, वर नन्नारी ओतली, आणि सरबत खाली पळालं नाही. वरपासून खालपर्यंत तांबूस मुरत गेलं.

गंगव्वानं घास घेतला. चावलाच नाही. जिभेवर ठेवून डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "गारा पडायच्या तेव्हा आम्ही तोंड उघडून अंगणात उभ्या राहायचो. तसं लागतंय." आणि ग्लास पुढं केला. "अजून स्वल्प घाल गं."

नागोजी वाकून माझ्याकडं बघत होता. त्यानं एक ढलपी उचलली आणि, सवयच ती, नाकाला लावली. बर्फाला कसला वास असणार? पण श्वास आत गेला आणि खोकला आला नाही. तो तसाच उभा राहिला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी.

सोमवारी तो कारखान्यात गेला. "येत नाही" सांगायला गेला, आणि दारातूनच परत आला.

बर्फाचं हे असं का होतं, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. माझी समजूत अशी: पांढऱ्याच्या पोटात हवा कोंडलेली असते, म्हणून तो पात्याला वाट देतो. आणि थेट कारखान्यातून आलेला कुठलाही बर्फ हट्टी असतो, तुटेल पण वळणार नाही. घाम सुटला की ऐकतो. चूक असेल तर असो. मी लाकूड आहे.

पण कुतूहल काही गेलं नाही. मल्लाप्पाला येता-जाता गाडीपाशी थांबायची सवय, त्याच्या तोंडून ऐकायचो. मासळीवाल्याला बर्फ जाडाभरडा ठेचलेला लागतो, माशाच्या अंगाला चिकटून बसणारा. हॉटेलवाल्याला काचेचा, कारण तो पेल्यात सावकाश विरघळतो आणि दिसतोही झोकात. इस्पितळात तापाच्या पिशवीला सुपारीएवढे खडे. आइस्क्रीमवाला कसलाही घेतो, वर मीठ मारतो. पाणी एकच, पण प्रत्येकाला गारवा वेगळा हवा. हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सगळ्यात चांगला बर्फ कुठला, असं गिऱ्हाइकं विचारायची. तेव्हा मला वाटायचं, वेड्यांनो, आधी सांगा तर, कशासाठी?

आणि खाणारी माणसं तरी किती तऱ्हेची! कोर्टातला कारकून कोट सांभाळत, ग्लास लांब धरून मान पुढं काढून खायचा. म्हाताऱ्या आधी "दात ठणकतात गं बाई" म्हणायच्या आणि मग दुसरा ग्लास मागायच्या. दोन मित्र भांडत यायचे, बर्फ तोंडात गेला की बोलता यायचं नाही, तेवढ्यात भांडण विसरायचे. लाकूड रंधताना यातलं मला काही दिसलं नसतं.

दहा वर्षं झाली या गोष्टीला. नागोजीचा खोकला गेला म्हणत नाही, थंडीत असतो थोडा. पण आता तो स्टँडच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतो, आणि हाक पोचते.

माझं मात्र संपत आलंय. दहा वर्षं पाणी पिऊन शिसव तरी किती तग धरणार? तळ वाकडा झालाय. तोंडापासून पाचरीपर्यंत चीर गेली आहे. पातं डुगडुगतं. आता मला सागावर लावलं तरी फळी सरळ होणार नाही. सुताराच्या लेखी मी मेलो.

मल्लाप्पा म्हणतो, मार्केटात लोखंडी यंत्र आलंय, चाक फिरवलं की बर्फ आपोआप किसला जातो. मला त्या लोखंड्याचं नावसुद्धा आवडत नाही. नागोजीलाही नाही. परवा त्यानं काय केलं, हणमंतरावांकडून शिसवीचा एक ठोकळा आणला. मला त्यावर ठेवलं, माझ्याभोवती पेन्सिल फिरवली. मग करवत काढली.

मथुरा चुलीपाशी होती. उठली नाही. म्हणाली, "एवढंसं काम, नाही का?"

"तोंडाला फडकं बांधून करतो. एका दिवसाचं काम."

"घासायचं? पॉलिश? तो भुसा?"

"मथुरे, हा माझा रंधा आहे गं."

"आणि तुम्ही कोण आहात माझे?"

त्यानं करवत भिंतीला टेकवली. पण ठोकळा अजून कॉटखाली आहे आणि त्यावरची पेन्सिलची रेघ पुसलेली नाही. हट्टी माणूस आहे. मथुरा देवनहळ्ळीला भावाकडं गेली की तो करवत उचलणार, हे मी जाणतो. त्याचा तळवा मी तिच्याही आधीपासून ओळखतो.

म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. शिवाजीनगरला गेलात तर त्याच्या गाडीवर एक ग्लास घ्या आणि त्याला माझा निरोप द्या. नागोजी, मला नवं अंग नको. तो ठोकळा परत दे. ते लोखंडी चाक आण, आणि त्याला दुधी बर्फच घाल, घाम सुटलेला. काचेच्या मोहात पुन्हा पडू नकोस.

आणि मला न्हाणीच्या चुलीत घाल. शिसव आहे, सावकाश जळेन. हंडाभर पाणी कढत होईल. त्याच्या वाफेवर बस, छाती मोकळी होते म्हणतात. फक्त मी पेटेन तेव्हा आधी धूर होईल. तेवढा वेळ तू बाहेर उभा रहा.