दारातला रबरी जोडा

त्या दिवशी हवा पडलेली होती. बर्फ नाही, वारा नाही, नुसतं मळकं आभाळ टेकडीवर येऊन बसलं होतं. धुराड्यांतला धूर वर जायचं नाव घेईना. बाहेर यायचा आणि आजाऱ्यासारखा भिंत धरून खाली उतरायचा. असल्या हवेला आमच्या टेकडीवरच्या बायका बर्फापेक्षा जास्त भ्यायच्या.

मी प्यो इन्मुक मास्तरांचा कुंचला. मास्तर कोरियातल्या सोल शहराच्या एका पेपरात रोज एक चौकोनी चित्र काढायचे. माझी दांडी बांबूची, केस रानमांजराहून लहान अशा एका जनावराच्या शेपटीचे. आधी मी मास्तरांच्या वडिलांकडे होतो. ते माझ्याकडून लोकांच्या दारावर लावायचे शुभ कागद लिहवून घेत. अक्षरं मी हजारो लिहिली, वाचता मात्र एक येत नाही. त्यामुळे मला काही सांगायचं तर सावकाश सांगावं लागतं. घाई करू नका.

मास्तरांकडे आल्यावर मला अक्षरांपासून सुटका मिळाली. ते म्हणायचे, "ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी बाकीचा पेपर आहे. हा चौकोन उरलेल्यांचा." मग त्यांनी मला युक्त्या शिकवल्या. साहेब काढायचा तर तोंड नाही काढायचं, बूट काढायचा, घराएवढा. गरीब माणूस बुटाच्या टाचेएवढा. जिथे दुखतं तिथे काळा रंग घट्ट भरायचा, बाकी कागद कोरा सोडायचा, म्हणजे डोळा आपोआप तिथेच जातो.

चित्र जमलं की नाही, हे ठरवायचा शेजारचा गुबोंगकाका. तो पाठीवरच्या लाकडी घोडीवर भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या लादून टेकडी चढायचा. साठी उलटलेली, अक्षरशत्रू. मास्तर त्याला थांबवून चित्र दाखवायचे.

"काय दिसतं, काका?"

"बूट दिसतो. आपल्या वॉर्डाच्या साहेबाचा. मेल्यानं पॉलिश कुणाकडून करून घेतलंय?"

मास्तर हसायचे आणि चित्र छापायला न्यायचे. काकाला कळलं म्हणजे शहराला कळलं.

काकाच्या खोलीची जमीन तडकलेली होती. आमच्याकडे चुलीचा धूर जमिनीखालून फिरतो, त्यानं खोली ऊबदार होते. तडा गेला की तोच धूर वर येतो, त्यातल्या विषाला वास नसतो, आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. काकानं घरमालकाला तीनदा सांगितलं. मालक म्हणाला, "राहता तुम्ही, तडा तुमचा." वॉर्डातून तपासनीस आला. त्यानं मालकाकडे जेवण केलं, जमीन ठीक असल्याचा शिक्का मारला आणि गेला.

मग काका रोज झोपताना आपला एक रबरी जोडा दारात अडकवून ठेवायचा, बोटभर फट राहावी म्हणून. त्याची बायको ओकबुनकाकू गुडघ्यांनी हैराण. तिचा आवाज भिंतीपलीकडून यायचा.

"अहो, काढा तो जोडा! धुरानं मरायच्या आधी मी गारठून मरेन."

"जोडा राहणार. पाहिजे तर माझं पांघरूण घे."

"तुमचं पांघरूण! त्याला जोड्यापेक्षा जास्त भोकं आहेत."

तर त्या पडलेल्या हवेच्या सकाळी मास्तरांनी तीच खोली काढली. दोन म्हातारी माणसं झोपलेली. जमिनीत तडा. तड्यातून धूर, आणि वर येता येता त्या धुराचा हात झालेला, सोनेरी गुंड्यांच्या बाहीचा, त्यांच्या तोंडावर पांघरूण ओढणारा. बाहेर धुराड्यावर एक भला मोठा चामडी बूट. आणि दारात एवढासा रबरी जोडा. साऱ्या चित्रात जिवंत वाटावा असा तेवढाच. माझ्या आयुष्यात माझ्याकडून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. काका मात्र त्या सकाळी भेटला नाही, पहाटेच ओझं घेऊन गेला होता.

तेव्हा लष्कराचं राज्य होतं. चित्र आधी तपासणीच्या कचेरीत न्यावं लागे. दुरुस्ती तिथल्या तिथे करायची, म्हणून मास्तर मला खिशात घालून नेत. अधिकारी तरुण होता, फार सभ्य. त्यानं जवाचा चहा दिला.

"बूट कुणाचा, मास्तर?"

"ज्याच्या पायात बसेल त्याचा."

तो हसला. "मग काढून टाका. कुणाच्याच पायात नको बसायला."

पांढरा रंग लावून बूट गेला. मग धुराचा हात गेला. मग तडा. "तपासणी झालेली आहे, तडे नाहीत," अधिकारी म्हणाला. शेवटी त्यानं दारावर बोट ठेवलं. "थंडीत दार उघडं? हे पायताण कशाला? परदेशी पाहुणे पेपर बघतात. लोक उबेत झोपलेत असं दिसू द्या."

  चित्र परत घेऊन जाता आलं असतं. चौकोन कोरा गेला असता आणि मास्तरांची नोकरी गेली असती. त्यांनी मला शाईत बुडवलं. जोडा गेला, आणि दार मी एका रेघेत बंद केलं. रेघ सुरेख आली. तेच मला खातं.

दुपारी चार वाजता पेपर आला. कोळशाच्या दुकानाच्या भिंतीवर तो चिकटवलेला काकानं पाहिला, आणि रिकामी घोडी पाठीवर घेऊन हसत आमच्या दारात आला.

"मास्तर, आज विचारावं लागलं नाही! आमचीच खोली ना ती? म्हातारीची उशी ओळखली मी. काय मजेत झोपलोय दोघं! आता तिला सांगतो, पेपरात आलीस म्हणून."

मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "थंडी आहे काका. घरी जा."

एवढंच म्हणाले. मी खिशातच होतो.

सकाळी आरडाओरडा झाला. बायका धूर लागलेल्याला पाजतात ते मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी वाडग्यांनी आणत होत्या, दोघांच्या तोंडात ओतत होत्या. काकाच्या घशाखाली उतरलं. काकूच्या ओठांच्या कडेनं ते गालावर ओघळलं आणि उशीवर गेलं.

त्यानंतर मास्तरांनी मला धुतलं नाही. तीच शाई अंगावर वाळली. आज मी एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे, केस काडीसारखे ताठ झालेत. त्या टेकडीवर आता उंच इमारती आहेत म्हणतात. मास्तर गेले. त्यांच्या मागे कुणीतरी डबा उघडून मला कोमट पाण्यात भिजत घालेल, तर त्याला माझं एकच सांगणं आहे. काढता आलं नाही तर कोरं सोड बाबा. कोऱ्या कागदावर कुणी विश्वास ठेवून झोपत नाही.

काकूला पोचवून आल्यावर काका आमच्या पायरीवर बसला होता. पायांत दोन्ही जोडे होते. मास्तर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. काकाच्या आवाजात राग नव्हता. शिकलेल्या माणसाला काहीतरी समजावून सांगावं तसा तो म्हणाला, "तुमच्या चित्रात दारात जोडा नव्हता ना, मास्तर. म्हणून मी पण काढला."