पाटीवरच्या आठ टोप्या

आमच्या घरात भांडायला कारण लागत नाही, पण त्या दिवशी ते होतं. आमचे हे, म्हणजे गावचे लोहार, भल्या सकाळी ओढ्याकडे लाकडं आणायला गेले आणि टोपलीभर अळंबी घेऊन आले. थंडीनं बोटं निळी पडलेली, नाक गळतंय, पण तोरा असा की जणू मुलूख जिंकून आलेत. मोडून पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मधाच्या रंगाचे झुबके उगवले होते म्हणे. घरी येता येता शेजारच्या कुंभाराला दुसऱ्या दिवशी सहकुटुंब जेवायला सांगूनही आले.

एवढ्या थंडीत उगवणारी ही अळंबी खायला चांगली. पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक असते, ती माणसाला आडवं करते. दोन्हींतला फरक ओळखावा तो आमच्या वन्संनी. ह्यांची थोरली बहीण. चाळीस वर्षं त्यांना दाखवल्याशिवाय गावात कुणाच्या चुलीवर अळंबी चढली नाही. त्यांचा नियमही ठरलेला: जो खात्री देईल, त्यानं पहिला घास खायचा.

पण दोन वर्षांपासून त्यांचा मोतीबिंदू वाढला होता. सुई ओवायला मला हाक मारायच्या, आणि मी ओवून दिली की सुईलाच नावं ठेवायच्या.

ह्यांनी टोपली खाली ठेवली आणि जाहीर केलं की या खेपेला पारख आपणच केली आहे. अळंबी गोगलगायीनं कुरतडलीय, म्हणजे विषाचा प्रश्नच मिटला.

"गोगलगायीचं पोट वेगळं, धाकट्या," वन्सं म्हणाल्या. "तुझं तर साध्या दुधानंही बिघडतं."

मला हसू आलं. ह्यांना ते झोंबलं, आणि जे बोलू नये तेच बोलून गेले.

"तुला आता दिसतं कुठे, आक्का?"

वन्संनी टोपलीकडे नेलेला हात मागे घेतला. मला मात्र ह्यांचा असा राग आला की हातातली पळी फेकावीशी वाटली. घरातली धुणीभांडी माझ्याकडे, भाता ह्यांच्याकडे; त्या बाईकडे राहिली होती ती एवढी एक पारख. तीही काढून घेतली तर त्यांनी दिवसभर भिंतीला टेकून करायचं काय?

थोड्या वेळानं त्यांनी आमच्या मुलीची जुनी पाटी आणि एक कोरा कागद मागितला. दोन्ही शेजारी शेजारी, कडेला कड लावून ठेवायला सांगितलं. मग प्रत्येक झुबक्यातली एक अशा आठ टोप्या देठापासून खुडल्या आणि चाचपत चाचपत प्रत्येक टोपी अर्धी पाटीवर, अर्धी कागदावर अशी पालथी घातली. वर वाट्या झाकल्या. रात्रभर टोपीखालून भुकटी झडते. चांगलीची पांढरी, ती पाटीवर दिसते. वाईट असेल तिची तपकिरी, ती कागदावर दिसते. हे सगळं त्यांनी ह्यांना लहान मुलाला सांगावं तसं दोनदा सांगितलं.

सकाळी वाट्या काढल्या. वन्सं समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वाच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, सगळी मदार आता ह्यांच्या शब्दावर होती. आणि कुंभार दुपारी जेवायला येणार होता.

पहिली पांढरी. दुसरी पांढरी. हे मोठ्यानं, छाती फुगवून सांगत होते. पाचवीपर्यंत आवाज चढता होता. सहावीपाशी ते थांबले. मी वाकून पाहिलं. पाटी काळीच होती, आणि कागदावर अर्धा गोल उमटला होता, गंजासारखा.

"माझ्या बाहीतून गंज सांडला असेल," हे पुटपुटले.

ह्यांनी बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. जन्म लोखंडात गेलेला माणूस, गंज त्यांना कोण शिकवणार?

"गंज नाही, आक्का. सहावी तपकिरी आहे."

झुबके टोपलीत एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे निवडत बसण्यात अर्थ नव्हता. ह्यांनी अख्खी टोपली स्वतः भट्टीत ओतली आणि कुंभाराला सांगून आले की आज साधंच जेवण आहे. कुंभार आठ दिवस हसत होता.

दुपारी मी वन्संना हळूच विचारलं, तुम्हाला बोटांनी आधीच कळलं होतं ना?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बोटं गारठली होती. काहीच कळलं नव्हतं." मी त्यांचा हात माझ्या हातात धरून ठेवला.

हे दारातून ऐकत होते. आत येऊन बसले आणि विचारलं, "मी खोटं सांगितलं असतं तर?"

"तर काय? खात्री तू दिली असतीस," वन्सं म्हणाल्या, "पहिला घास तुलाच वाढला असता."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा ओढ्यावर गेले. येताना प्रत्येक झुबका वेगळ्या फडक्यात बांधून आणला, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातूनच ओरडले, "आक्का, पाटी काढ."