निजलेलं मूल आधी

ऑक्टोबरातला रविवार होता. मुलुंडच्या दोन खोल्यांत पंखा नावापुरता फिरत होता. जानकीची आई सुगंधा पाटावर बसून सुके बोंबील साफ करत होती आणि दर दोन बोंबलांमागे तिची नजर कपाटावरच्या खाकी पाकिटाकडे जात होती. पाकिटाला लाल लाखेचं सील होतं.

"पोरांनी काय लिवल्यानी गो?"

"माहीत नाही," जानकी उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणाली.

"उघड मगे."

"गुण देऊन झाल्याशिवाय उघडायचं नाही. नियम आहे."

"कोणी केल्यान नियम?"

जानकीनं पुढची उत्तरपत्रिका ओढली.

"तूच ना?"

"मीच."

"मग तूच मोड. हय कोण बघता? मी काय तुझ्या प्रिन्सिपलाक सांगूक जातंय?"

जानकीला हसू आलं, पण ती हलली नाही. घाटकोपरच्या महाविद्यालयात ती एम.ए.च्या मुलांना समाजकल्याणाचा इतिहास शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिनं एक नवीच गोष्ट सुरू केली. सत्र संपताना, विषय कसा शिकवला गेला ते मुलांनी बिननावाच्या कागदावर लिहायचं. विभागप्रमुख श्यामकांत सर तेव्हा म्हणाले होते, "म्हणजे आता पोरं आपल्याला मार्क देणार? वाट लागली!" कौतुक करणाऱ्याला गुण जास्त मिळतात असं कोणी म्हणू नये, म्हणून पाकीट मुलांनीच बंद करायचं आणि बाईंनी गुण देऊन झाल्यावरच उघडायचं, हेही तिनंच ठरवलं होतं. आलेल्या मतांतल्या सगळ्यांत कडू तीन तक्रारी ती पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला वर्गात मोठ्यानं वाचायची आणि त्यांना उत्तरं द्यायची. कौतुक मात्र कधीच वाचायची नाही.

"उद्या गुण देते," ती म्हणाली. "संध्याकाळी आल्यावर सगळं वाचून दाखवते. शब्दन् शब्द."

"बरा," सुगंधानं बोंबलाचं डोकं मोडलं. "तुझो नियम तुझ्याकडे. माका काय परीक्षा देवची नाय."

पण परीक्षा तिनं दिलेली होती, म्हणून तर ती पाकिटाकडे बघत होती. सप्टेंबरात या वर्गासमोर तिनं एक तास घेतला होता. परळच्या एका गिरणीच्या पाळणाघरात ती तीस वर्षं आया होती. पाळणाघरांच्या कायद्यावर जानकीचे तीन तास शिकवून झाले, आणि तिच्याच लक्षात आलं की कायदा जिथं संपतो तिथून पुढचं पुस्तकांत नाहीच. ते तिच्या घरी, स्वयंपाकघरात होतं.

पाहुण्यांच्या अर्जात 'परिचय' असा रकाना होता. जानकीनं लिहिलं: श्रीमती सुगंधाबाई, गिरणी पाळणाघरातील माजी कर्मचारी. आडनाव टाकलं नाही. पेन थोडा वेळ कागदावरच राहिलं, मग तिनं टोपण लावलं. आयाची मुलगी आहे हे कळल्यावर मुलं आपल्याकडे कसं बघतील, हा विचार तिच्या मनात आला होता. त्याला तिनं 'तटस्थता' असं नाव दिलं होतं. आईनं अर्ज वाचला आणि घडी घालून परत दिला. तासाच्या दिवशी वर्गाच्या दारात ती म्हणाली, "येऊ का मॅडम आत?" अगदी नेमक्या सुरात. चेष्टा होती की मान होता, ते जानकीला कळलं नाही.

मग आई बोलायला लागली, कोकणातली बोली आवरून, मुंबईत शिकलेल्या मराठीत.

"कायदा भिंतीवर लावलेला होता. इंग्रजीत. पाळण्यातली पोरं वाचायची बहुतेक." वर्ग हसला. "मी एका क्लार्कला पकडून तो मराठीत सांगायला लावला. पुढच्या वेळी इन्स्पेक्टर आला तेव्हा मी त्याला विचारलं, दूध ताजं पाहिजे असं लिहिलंय ना हो तुमच्यात? साहेब माझ्याकडे असा बघतो, जणू पाळणाच बोलला."

बावन्न पोरं एकाच खोलीत असायची. ओळखायची कशी? वाइंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या बायका बॉबिनचा टाकाऊ धागा आणायच्या. प्रत्येकीचा रंग वेगळा. तोच धागा मुलाच्या मनगटाला बांधायचा. मुलाची आई दूध पाजायला आली की हात धुऊन आधी धागा बघायची, मग तोंड.

"आणि एक लिहून घ्या," सुगंधा म्हणाली. "सकाळी गेलं की रडणारं पोर आधी उचलायचं नाही. रडतंय म्हणजे ठीक आहे. निजलेलं आधी बघायचं. काही बायका घरून अफूची गोळी देऊन आणायच्या, दिवसभर निजावं म्हणून. त्यांना मी शिव्या नाही दिल्या. त्यांच्या घरी दुसरं कोण होतं सांभाळायला? मी तळपायाला चिमटा काढायचे. रडलं, की माझा दिवस चालू."

पुढच्या बाकावरच्या रतननं हात वर केला. मानखुर्दहून येणारा, सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारा मुलगा. "आजी, तुमची स्वतःची मुलं कुठं असायची हो?"

"माझी एकच मुलगी. तीपण त्या बावन्नांतच. तिलाही धागा बांधला. नाहीतर बायका म्हणायच्या, आपलीला वेगळी ठेवते." ती खिडकीकडे बघत होती. "आता मोठी झाली ती. पुष्कळ शिकली. झकास चाललंय तिचं."

शेवटच्या बाकावर बसलेल्या जानकीनं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. घंटा झाली.

घरी येताना बसमध्ये आई फक्त एवढंच म्हणाली, "तुझी पोरां चांगली आसत गो."

तर त्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी सुगंधानं चहाचा कप अर्धा ठेवला आणि ती भिंतीला टेकून बसली. जानकी शेवटच्या गुणांची बेरीज करत होती. आईचा डोळा लागला असं तिला वाटलं. उकाड्यानं रात्रभर झोप नव्हती, निजू दे, म्हणून तिनं बेरीज पुरी केली. वीस मिनिटांनी कप उचलायला गेली, तेव्हा चहावर साय धरली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय एका झटक्यात बंद पडलं, तुम्ही शेजारी असता तरी काही झालं नसतं. जानकीनं मान हलवली. तिनं हे कोणालाच सांगितलं नाही की आईचा तळपाय बघायला ती वीस मिनिटं उशिरा गेली.

तेराव्यानंतर, दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती कॉलेजात गेली. आधी गुण दिले. मग स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर पाकीट ठेवून सील फोडलं. एकतीस कागद होते. काही मराठीत, काही इंग्रजीत, दोन हिंदीत.

'मॅडम फार वेगात शिकवतात. कायद्यांच्या तारखा कमी केल्या तरी चालेल.'

'पाळणाघरवाल्या बाईंचा तास हा पूर्ण वर्षातला एकमेव तास, जेव्हा मी घड्याळ बघितलं नाही.'

'माझी आई रस्त्याच्या कामावर जाते. माझी बहीण झाडाला बांधलेल्या झोळीत वाढली. आमच्याबद्दल अभ्यासक्रमात काही असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.'

'निजलेलं मूल आधी. हे मी वस्तीतल्या कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.'

जानकीनं चष्मा काढून पुसला. तेवढ्यात श्यामकांत सर आले. चार शब्द सांत्वनाचे बोलले, मग थोडे घुटमळले. "जानकीबाई, या वेळी विषय काढू नये, पण त्या सुगंधाबाईंचा पत्ता द्या मला. पोरं अजून त्यांचंच बोलतायत. त्यांचा तास कायमचा ठेवू. विद्यापीठाला मी स्वतः पत्र लिहितो. काय बाई आहे हो! मी तीस वर्षं शिकवतोय, माझ्या तासाला असा वर्ग बसलेला नाही बघितला."

"तास ठेवा सर," जानकी म्हणाली. "पत्ता नाही देता येणार." आणि कागद गोळा करून ती वर्गाकडे निघाली. श्यामकांत सर तिच्याकडे बघत राहिले.

वर्ग उभा राहिला. बाईंची आई गेल्याची बातमी मुलांना लागली होती. त्यांना तीन तक्रारींची अपेक्षा होती. जानकीनं वेगात शिकवण्याची एक तक्रार वाचली, म्हणाली, "मान्य. तारखा कमी करते." आणि मग तिनं जे कधीच केलं नव्हतं ते केलं. कौतुक वाचायला घेतलं. सुगंधाबाईंवरचा एकेक कागद, शब्दन् शब्द, जसं घरी वाचून दाखवायचं कबूल केलं होतं तसं. आवाज सावकाश होता, ऐकणारीला सगळं नीट कळावं असा. झोळीवाला कागद वाचला तेव्हा मधल्या बाकावरच्या एका मुलीनं मान खाली घातली आणि मग हळूच वर केली.

शेवटचा कागद निळ्या शाईतला होता.

'सुगंधाबाईंनी त्यांच्या मुलीबद्दल अगदी थोडं सांगितलं, पण सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढच्या वर्षी त्या मुलीलाही बोलवा. त्या पाळणाघरातून निघून ती कुठं पोचली, ते ऐकायचं आहे.'

जानकीनं कागद टेबलावर ठेवला. ती नेहमी उभी राहून शिकवायची, आताही उभीच होती.

"सुगंधाबाई पुन्हा येणार नाहीत," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात त्या वारल्या."

रतनच्या तोंडून "अरे..." एवढंच निघालं.

"आणि त्यांच्या मुलीला पुढच्या वर्षी बोलवायची गरज नाही. ती जूनपासून तुम्हाला शिकवते आहे." तिनं एक श्वास घेतला. मग शेवटच्या बाकापर्यंत, त्याच्याही मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सुगंधाबाई माझी आई. मी तिच्या बावन्नांतली एक."