काचा वर करून

गंगारामांच्या कानावर काही खासगी घालायचं असेल, तर ते गाडीत सांगावं लागे.

उभी हयात त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवली होती. कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन पेट्या आल्या आणि निम्मेच कान आले. तेव्हापासून घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या त्या वाडीत ओरडलेलं वाक्य चिऱ्याच्या गडग्याच्या कुंपणापलीकडे शेजारच्या मालनला आधी ऐकू जाई, गंगारामना नंतर. कधीकधी मालन उत्तरही देऊन टाकी.

गाडीत मात्र काचा वर केल्या, एसी लावला, की त्यांच्या बायकोला, कमळाबाईंना, साध्या आवाजात बोलता येई आणि गंगारामना ते ऐकू येई. इंजिन चालू असलं तर आणखी बरं ऐकू येई. कमळाबाईंनी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. या गोष्टीचं कारण त्यांना सापडलं नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं. मुलाचं, नितेशचं लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कलमांच्या बागेतला बांधाचा तंटा, सगळं त्या जुन्या गाडीत बसून ठरलं होतं. दोघं काचा वर करून फाटकाशी बसलेली दिसली, की वाडीतले लोक दुसऱ्या वाटेने जात. मालन तेवढी त्याच वाटेने जाई.

एप्रिलमध्ये एसीतून गार वारा येईनासा झाला. गॅस भरून आणला, तो दहा दिवसांत गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. नेमकं मे लागता लागता नितेशने फोन केला. रत्नागिरीचं घर विकून आईबाबांनी डोंबिवलीला यावं, गिऱ्हाईक चांगलं आलंय, शनिवारी येऊन पक्कं करतो. फोन गंगारामनी घेतला होता. ते म्हणाले, "बरं."

कमळाबाईंना जायचं नव्हतं.

हे एवढं एक वाक्य होतं. ते नवऱ्याला सांगायच्या आधी मुलाला सांगणं त्यांना बरं दिसेना. आणि नवऱ्याला घरात सांगायची सोय नव्हती, कारण नितेशची बायको वेदिका ही मालनची सख्खी भाची. स्थळही मालननेच आणलेलं. अंगणात ओरडलेलं वाक्य चहा उकळायच्या आत डोंबिवलीला पोचलं असतं.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. कागदावर लिहून पाहिलं. गंगारामनी कागद हातात घेतला आणि नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "अहो, मला एक सांगा—" कमळाबाईंनी कागद काढून घेतला. कानाचं यंत्र लावायला सांगितलं. ते डबीत होतं. गंगाराम ते फक्त लग्नाला जाताना लावत. "यंत्र कशाला? काय सांगायचंय एवढं?" त्यांनी इंजिनरूमच्या आवाजात विचारलं, आणि गडग्यावर मालनचं डोकं आलं. भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं, तर वारा होता. शेवटी एसीशिवाय गाडीच्या काचा वर केल्या. मे महिना होता. कमळाबाई "मला डोंबिवलीला" इथपर्यंत आल्या, आणि गंगारामनी जीव घाबरा होऊन काच खाली केली. बाहेर मालन उभी होती.

"काय वैनी, डोंबिवलीला कधी निघताव?" तिने विचारलं.

बुधवारी दोघं गाडी घेऊन मिरजोळ्याला सर्वेशच्या गॅरेजवर गेली. सर्वेश कमळाबाईंच्या हाताखाली आठवीत होता. तेव्हा तो विज्ञानात काठावर पास झाला होता, हे दोघांनाही आठवत होतं, म्हणून कुणीच तो विषय काढला नाही.

"बाई, नुसता गॅस भरून देणार नाय," तो म्हणाला. "कुठून जातो ते सापडलं पायजे."

"तेच म्हणते मी. शुक्रवारपर्यंत सापडू दे."

"शुक्रवारीच का?"

"शनिवारी उपयोग नाही."

सर्वेशने एसीच्या नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, दाब मोजायच्या घड्याळाचा काटा बघून ठेवला आणि साबणाचं पाणी घेऊन जोडांवर ब्रश फिरवू लागला. जिथून गळत असेल तिथे फेस यायला हवा. कुठेच आला नाही. कॉम्प्रेसर कोरडा, कंडेन्सर कोरडा. काटा मात्र हळूहळू खाली येत होता.

"आत कूलिंग कॉइल गेली असली तर सगळा डॅशबोर्ड काढायला लागंल," सर्वेश म्हणाला. "मग शुक्रवार इसरा."

गंगाराम इतका वेळ हात पाठीमागे बांधून उभे होते. आता ते पुढे आले. जहाजावर त्यांनी शीतगृहांची यंत्रं सांभाळली होती, आणि पोरं कशी काम करतात ते बघत गप्प राहणं त्यांना जड जात होतं. बॉनेटमध्ये वाकून त्यांनी कंडेन्सरकडे जाणाऱ्या एका नळीवर बोट ठेवलं. बाकीच्या नळ्या रुपेरी होत्या. ही शेंदरी होती.

"ही लाइन सोडून बघ," ते गरजले. "हिचा प्रश्न नाय. ही मी स्वतः सांभाळलीय. दर वर्षी तारेच्या ब्रशने खरवडतो आणि प्राइमर लावतो. खाऱ्या हवेत असंच करावं लागतं."

जहाजावर खरोखरच तसं करतात. तिथे लोखंड असतं.

सर्वेशने शेंदरी नळीकडे पाहिलं. रंगाचे थरावर थर बसले होते, आणि मधोमध एका जागी रंग पुरीसारखा टम्म फुगला होता. त्याने नखाने टोचलं. फुस्स झालं. वरून साबणाचं पाणी सोडल्यावर फेस असा आला, की बाजूच्या रिक्षाचं काम सोडून दोघेजण बघायला आले.

अॅल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ थर बसतो आणि तोच त्याला राखतो. तो खरवडू नये. हे कमळाबाईंनी किती वर्गांना शिकवलं होतं त्याची मोजदाद नव्हती. घरी शिकवलं नव्हतं.

"काय झालं?" गंगारामनी विचारलं. फुस्स त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि फेस त्या दोघांच्या पाठींमागे गेला होता.

सर्वेशने बाईंकडे पाहिलं. "काकांना कसं सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगेन."

"कधी?"

"एसी चालू झाला की."

"पाइप बदलायला लागंल, काका!" सर्वेश ओरडला.

"बदल," गंगाराम म्हणाले. "कंपनीने माल हलका वापरला असणार. बरं तर बरं, मी रंग लावत होतो. नायतर केव्हाच गेला असता."

नवीन पाइप कोल्हापूरहून यायचा होता. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी सकाळच्या एसटीने आला, तो साधारण तशाच पण दुसऱ्या गाडीचा होता. सर्वेशने तो परत पाठवायचं बोलणं काढलं, तेव्हा कमळाबाई खुर्चीवरून उठल्या. आठवीतही त्या फक्त उठत असत. सर्वेश जुना पाइप घेऊन गेला, अॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्या एकाला गाठलं, झिजलेला तुकडा कापून तिथे नवीन जोडून आणला. ओ-रिंग बदलल्या, व्हॅक्यूम मारला, काटा तासभर जागचा हलला नाही. गॅस भरून झाला तेव्हा चार वाजून गेले होते. नितेश रात्रीच्या गाडीने निघणार होता.

गंगारामनी गाडी पावसच्या रस्त्याला घातली. काचा वर होत्या. वारा गार येत होता. भाट्याचा पूल गेला. इतके दिवस साठवलेलं वाक्य काढायचं, तर ते जरा बारीक वाटायला लागलं होतं.

"अहो," त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मला डोंबिवलीला नाही जायचं."

गंगारामनी गिअर बदलला.

"मलाही नाय," ते म्हणाले. गाडीत ते कधी ओरडत नसत.

"मग नितेशला 'बरं' का म्हणालात?"

"मला वाटलं, तुला नातवंडांत जायचं असंल. तू कायच बोलली नायस."

"एसी बंद होता."

"हो, ते खरं," गंगाराम म्हणाले.

फणसोपच्या चढाआधी त्यांनी गाडी बाजूला घेतली, आणि कमळाबाईंनी फोन लावला. नितेश बॅग भरत होता. तो आधी चिडला, मग म्हणाला की वेदिकानं दोन खोल्यांत पडदे कसे लावायचे ते ठरवून ठेवलंय. "गिऱ्हाईकाला काय सांगू?" त्याने विचारलं. "नाही म्हणून सांग," कमळाबाई म्हणाल्या. "आणि तू ये तरी. आंबे पिकलेत." पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. येतो म्हणाला.

आयुष्याचा प्रश्न एवढ्यात मिटला. कमळाबाईंना हलकं वाटलं, आणि त्या भरात त्यांनी दुसरी गोष्टही सांगून टाकली.

"आणि तो पाइप. तो रंगामुळे गेला."

"कशामुळे?"

"म्हणजे खरवडल्यामुळे. अॅल्युमिनियम खरवडायचं नसतं. झिजून झिजून भोक पडलं, आणि रंगाखाली ते दिसेना."

गंगारामनी एसीचा पंखा एका टिचकीने कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"खाऱ्या हवेत रंग लावायचाच नाय?"

"अॅल्युमिनियमला नाही."

"बत्तीस वर्षं मी जहाजांवर—"

"जहाज लोखंडाचं."

पावस येईपर्यंत ते याच्यावरच बोलत राहिले. पावसला चहा घेतला, तेव्हा बाहेर बोलता येईना म्हणून थांबले. परत गाडीत बसल्यावर पुन्हा सुरू झालं. घर विकण्याचा विषय त्यात एकदाही आला नाही. नाचण्याच्या वळणावर गंगारामनी शेवटचं सांगितलं, की प्राइमर चांगल्या प्रतीचा होता. ते कमळाबाईंनी मान्य केलं.

फाटकाशी मालन उभी होतीच.

"झाला काय वो एसी दुरुस्त?" तिने दोघांकडे आळीपाळीने बघत विचारलं. "बराच वेळ लागला."

गंगाराम गाडीतून उतरले, दार लावलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आम्ही डोंबिवलीला जात नाय! नितेशला कळवलंय! आणि तो पाइप रंगामुळे गेलेला नाय!"

पहिली दोन वाक्यं खरी होती. कमळाबाईंनी तिसरं तसंच राहू दिलं.