खिळ्याला टांगलेला गार्ड

लोणखेड्याच्या हेमराज शेठच्या लोखंडकामाच्या दुकानात नवा ग्राइंडर आला की पहिलं काम ठरलेलं. चकतीवरचं लोखंडी झाकण, म्हणजे गार्ड, काढायचा आणि खिळ्याला टांगायचा. गार्डमुळे हात चालत नाही म्हणे. त्या खिळ्याला सात गार्ड लटकत होते आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. दवाखान्यात शेठने सांगितलं, "मोटरसायकलवरून पडला." मी गप्प बसलो. ती चूक माझी.

पोळा झाला आणि मी काम सोडलं. घराच्या पडवीत स्वतःचं दुकान मांडलं. हातोडा, करवत, दोन कानशी, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, गार्डसकट ग्राइंडर. आणि वाईस, लोखंड घट्ट धरणारा जबडा. धडधाकट माणसालाही तो लागतोच, माझा तर तोच डावा हात. तो गेला तर दुकान गेलं. तोरणमाळहून अंजनाचं खोड आणून त्यावर बोल्टने आवळला. माझ्या बायकोने, रूपलीने, आमच्या रीतीने त्याच्यावर मोहाच्या दारूची धार धरली.

तेवढ्यात हेमराज आला. हातात घण.

"मशीनले दारू पाजी ऱ्हायना का वाहऱ्या? मन्हाकडे शिकना, आनि मन्हंच गिऱ्हाइक तोडस?"

"शेठ, हात जोडतो. वाईसला हात लावू नका."

हे सांगायलाच नको होतं. कुठे मारायचं ते त्याला कळलं. पहिला घाव वाईसवर, दुसराही. अंजन हललं नाही. मी आडवा गेलो, तर घणाचा दांडा माझ्या तोंडावर बसला. दात पडला. रूपलीने करवत फेकून मारली, ती त्याचा कान चिरून गेली.

मग त्याने ग्राइंडर उचलला, वाईसचा आटा, जबडा मिटवणारा स्क्रूच कापायला. गार्ड जबड्याला अडत होता. त्याने पान्याने गार्ड काढला आणि भिरकावला. जन्माची सवय.

"शेठ, गार्ड लावा!"

"तू माले शिकाडस?"

ठिणग्या उडाल्या. चकती तिरपी अडकली आणि फुटली. एक तुकडा पत्र्यातून आरपार गेला, दुसरा हेमराजच्या दंडात. गरम रक्त माझ्या तोंडावर आलं. तो मटकन खाली बसला.

मी प्लग काढला. खरं सांगतो, दोन श्वास नुसता बघत उभा राहिलो. मग त्याचाच रुमाल त्याच्या दंडाला बांधला, त्यात पाना घातला आणि पिळला. रक्त थांबलं. मी अजून एक पीळ दिला. तो रक्तासाठी नव्हता. हेमराज गुरासारखा ओरडला.

"वाहरू, भाऊ, माले दवाखानामा लई चाल!"

"नेतो. तिथे काय सांगू शेठ? मोटरसायकलवरून पडले?"

त्याने मान फिरवली.

"बोला."

"चकती फुटनी," तो रडत म्हणाला. "गार्ड मीच काढा."

"आणि माझी बोटं?"

"तेना बी गार्ड मीच काढा व्हता."

रूपली रिक्षा आणायला पळाली. मी वाईसचा दांडा फिरवून पाहिला. आटा अर्धा चिरला होता. जबडा कुरकुरला, पण मिटला.