आज कुठं?

कुंडलिकची फटफटी मंचरच्या हॉटेलापुढं थांबली, की आतली माणसं एका सुरात विचारायची, “भाऊ, आज कुठं?” शेठची हॉटेलं तीन. मंचर, नारायणगाव, आळेफाटा. माणसं मात्र दोन हॉटेलांना पुरतील एवढीच. ती इकडून तिकडं फिरवायचं काम कुंडलिकचं. कोण कुठं आहे असं विचारलं, तर तो कपाळावर बोट ठेवायचा, “समदं हितं हाय!” आणि खरंच असायचं हो. त्याचा त्याला लई अभिमान.

खंडू आचारी त्याचा हुकमाचा एक्का. तळेघरचा गडी, रश्शाला हात असा की गिऱ्हाईक वाडगं चाटून पुसून ठेवायचं. कुठंही धाडा, नाही म्हणायचा नाही. म्हणून मग त्यालाच जास्त पळवायचं, दुसरं काय!

लग्नसराईतली गोष्ट. सकाळी कुंडलिकनं खंडूला मंचरहून नारायणगावला नेलं. तिथं चूल पेटते न पेटते, तोच आळेफाट्याच्या आचाऱ्यानं दांडी मारल्याचा निरोप आला, म्हणून तिकडं हलवलं. दुपार कलल्यावर मंचरला वऱ्हाड उतरणार होतं, म्हणून पुन्हा गाडीवर घेऊन माघारी. दमलेला खंडू मागं बसून त्याच्या पाठीवर डोकं टेकून पेंगत होता. नारायणगावच्या स्टँडवर एक म्हातारा खांद्यावर घोंगडी टाकून आळेफाट्याच्या एसटीत चढताना कुंडलिकला दिसला. असेल कुणाचा पावणा, म्हणून त्यानं गाडी दामटली.

मंचरला गल्ल्यावरचा हौशीराम धावत बाहेर आला. “अरं खंडू, तुझा बाप आलता सकाळी! आई लई शीक हाय, तुझंच नाव घेतीया. म्या नारायणगावला धाडलं त्याला.”

“फोन करायचा ना, गाढवा!” कुंडलिक ओरडला.

“फोनला शेठचं कुलूप हाय, भाऊ.”

घोंगडीवाला म्हातारा कुंडलिकच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. त्यानं गाडी तशीच वळवली आणि घोडेगावच्या रस्त्याला लावली. वऱ्हाड गेलं खड्ड्यात. देवा, तेवढी भेट होऊ दे, एवढंच तो मनात घोकत होता. मागं खंडू एकच बोलला, “माज्या हातचं पानी पायजे व्हतं तिला.”

तळेघरला अंगणात बायामाणसं जमली होती. खंडूची आई, ठकूबाई, दुपारीच गेली होती. दाराकडं बघत होती म्हणे, शेवटपर्यंत. तोंडात पाणी शेजारणीनं घातलं. नवरा लेकाला शोधत एसटीत, लेक फटफटीवर. घरचं माणूस जवळ कुणी नाही.

कुशाबा, खंडूचा बाप, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. आळेफाट्याहून फिरेपर्यंत त्याची शेवटची गाडी चुकली होती. बायकोच्या उशाशी तो बसला, तसे कुंडलिकनं त्याचे पाय धरले.

“तुमचा काय दोष, भाऊ?” म्हातारा म्हणाला. “मानसं लई चांगली तुमची. जाईल तिथं च्या पाजला. जाईल तिथं म्हनायची, आत्ताच व्हता, आत्ताच गेला.”

कुंडलिकला वाटलं, त्यापेक्षा म्हाताऱ्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दहावा-तेरावा उरकून खंडू कामावर आला. डोकं भादरलेलं, हातात कपड्यांची पिशवी. हल्ली कुणीच कुंडलिकला काही विचारत नव्हतं.

“आज कुठं, भाऊ?” खंडूनं नेहमीसारखं विचारलं.

“हितंच, मंचरला.” कुंडलिक म्हणाला. “आता तुला कुठं हलवायचा न्हाई मी.”

“हलवा की. आता कुठंबी धाडा,” खंडू म्हणाला. “वाट बघनारी गेली.”

आणि तो आत जाऊन कांदा चिरायला बसला.