बारा मिनिटांचं जेवण

आमच्या ह्यांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवलं, त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात त्यांना सांभाळायला सतरा बायका आल्या नि गेल्या. एक तर इतक्या घाईने गेली की तिची सावली दोन दिवस बाथरूममध्येच राहिली होती. तिसऱ्या दिवशी मीच फडक्याने पुसून काढली.

अठरावी टिकली. तिला मी वादळ म्हणते. ती दारात आली की पडदे आपोआप सरळ होतात. पण भरवताना हीच बाई इतकी सावकाश, की चमच्यावर माशी बसेल, विचार करेल आणि कंटाळून उठून जाईल. ह्यांचा घसा अर्धा झोपलेला. घास द्यायचा, हनुवटी खाली धरायची, गिळला का बघायचं, मग पुढचा. घाई केली की ठसका, आणि ठसका म्हणजे दवाखाना.

आता तिच्या एजन्सीने तिला फोन दिलाय. त्यात जेवणाला बारा मिनिटं. तेरावं लागलं की फोन किंचाळतो आणि तिच्या नावापुढे लाल खूण. तीन खुणा झाल्या की सुट्टीच्या दिवशी वेळेचं नियोजन शिकायला वर्गात बसायचं. ती चारदा बसून आली.

सोमवारी म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. गोदामात खोकी भरायला जातेय."

"खोकी?"

"त्यांना ठसका लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही. एजन्सीला फोन लावला नि सांगितलं, आमचे हे छताच्या पंख्याला लटकलेत, ताबडतोब येऊन उतरवा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी एजन्सीचा साहेब हजर. हे पलंगावर शांत पडलेले बघून तो जरा हिरमुसला. त्याच्या हातात एक कप होता, त्यावर छापलेलं, 'तुम्ही आमचं कुटुंब आहात'. तो त्याने वादळाला दिला.

"माणसं टिकत नाहीत हो आजी. म्हणून ही योजना काढलीय. जरा आपुलकी वाटते."

"घरच्या माणसाला बारा मिनिटांत जेवू घालता का तुम्ही? बसा. भरवा."

तो हसला. मी नाही हसले. दाराला कडी मी आधीच लावली होती.

पहिला घास त्याने टपालपेटीत पाकीट कोंबावं तसा कोंबायला घेतला. वादळाने मनगट धरलं. "हनुवटी खाली. अर्धाच चमचा. आता थांबा."

"किती वेळ?"

"गिळेपर्यंत."

हे त्याच्याकडे टक लावून मजेत चघळत बसले. वाचा गेली, पण डँबिसपणा शाबूत आहे. बारा मिनिटांनी फोन किंचाळला. वाटी अर्धीसुद्धा झाली नव्हती.

"हे रोज असंच जेवतात?"

"आज पाहुणे आहेत म्हणून घाई चाललीय," वादळ म्हणाली.

चौतिसाव्या मिनिटाला वाटी रिकामी झाली. साहेबाचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती.

"मिनिटं मी नाही ठरवत, आजी. कॉम्प्युटर ठरवतो."

"मग उद्या भरवायला त्यालाच पाठवा."

शेवटी त्याने फोन काढला आणि आमच्या घरापुढे पस्तीस मिनिटं लिहिली. जुन्या खुणाही पुसल्या. मी खूश. वादळ मात्र तशीच उभी.

"आणि माझी बाकीची पाच घरं? तिथल्या म्हाताऱ्यांचे घसे काय लोण्याचे आहेत? इथे वेळ वाढला, तर लाल खूण तिथे पडणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका तमाशा केला तो मी फक्त माझ्या घरापुरता. मला लाज वाटली की दुप्पट राग येतो.

"साहेब, उठा. हिच्याबरोबर जा. पाचही घरी तुम्हीच भरवायचं."

"मला मीटिंग आहे, आजी."

"पडू दे तिथे लाल खूण."

वादळाने पिशवी उचलली आणि त्याला पुढे घातलं.

संध्याकाळी तिचा फोन. "तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी बोट चावलं त्याचं. पाचव्या घरातून निघताना सगळीकडची मिनिटं वाढवली."

"आणि गोदाम?"

"महिनाभर थांबा म्हटलंय. ह्याने लिहिलेलं टिकतं का बघते. नाही टिकलं तर जाईन, आजी. तुम्ही अडवायचं नाही."

"नाही अडवणार."

फोन ठेवला आणि लगेच एजन्सीचा नंबर फिरवला. त्या साहेबाच्या वरही कुणी साहेब असणारच, आणि त्याने अजून एकही घास भरवलेला नव्हता.